नाव पटावर, पाटी घरात

वाचकांचे प्रश्न : काही महिने मुलाला घरीच शिकवावे लागले तर

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, मराठी माध्यम, अनुदानित शाळा. पडून मांडीचे हाड मोडले, कमरेपासून प्लास्टर आहे. डॉक्टर म्हणतात, तीन महिने शाळेचे नाव काढू नका. मी शिलाईच्या कारखान्यात जाते, मुलाचे वडील यंत्रमागावर पाळीने असतात. घरी सासूबाई आहेत, त्या सातवी शिकलेल्या. औषधपाण्यात पैसे गेले. महिन्याला तीनशे रुपयांच्या वर जमणार नाही, शिकवणी तर दूरच. याचे वर्ष जाईल का?
— एक आई, इचलकरंजी

उत्तर : वर्ष जाणार नाही, ताई. मात्र आधी शाळेत अर्ज द्या, अभ्यासाचे त्यानंतर बघू. साध्या कागदावर मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज लिहा. मुलाचे नाव, इयत्ता, तुकडी, काय झाले, कोणत्या तारखेपासून साधारण कोणत्या तारखेपर्यंत येता येणार नाही, एवढे त्यात असू द्या. डॉक्टरांच्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. शेवटी दोन विनंत्या करा : नाव पटावर राहू द्यावे आणि चुकलेल्या चाचण्या परत आल्यावर घ्याव्यात. अर्जाच्या दोन प्रती न्या. एक शाळेत द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती घरी जपून ठेवा. तोंडी सांगितलेले वर्षअखेरीस कोणाच्या लक्षात राहत नाही.

आणि काही झाले तरी शाळा सोडल्याचा दाखला मागू नका. ‘आता दाखला काढून ठेवू, जूनमध्ये पुन्हा घालू’ असा सल्ला शेजारपाजारचे देतात. दाखला काढला की नाव पटावरून जाते आणि तीन महिन्यांची अडचण वर्षाची होऊन बसते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. तुमचा मुलगा गैरहजर आहे, शाळा सोडलेला नाही. कागदावर हा फरक नीट राहायला हवा.

आता अभ्यास. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन धरले आहे, म्हणजे दिवसाला चार तास. त्यात पस्तीस-चाळीस मुले एका शिक्षकापुढे असतात. घरी एकट्या मुलाला दीड तास नीट दिला तर भाषा आणि गणित मागे पडत नाही. दीड तास पुरतो, पण तो रोज हवा. पहिल्या सोमवारी सात विषयांचे वेळापत्रक भिंतीवर लावलेले घर दुसऱ्या आठवड्यात दमते आणि मग सगळेच सुटते. सकाळी दुखणे कमी असताना सासूबाईंनी चाळीस मिनिटे, दुपारी मुलाने एकट्याने वीस मिनिटे आणि संध्याकाळी तुम्ही अर्धा तास, असे वाटून घ्या.

वाचन-लेखन सासूबाईंकडे द्या. सातवी भरपूर झाली. मुलाने बालभारतीतले एक पान मोठ्याने वाचायचे, आजीने पुस्तकात बोट ठेवून ऐकायचे. अडला की लगेच शब्द सांगू नका, मनात पाचपर्यंत मोजा. नंतर पाच ओळींचे श्रुतलेखन. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावू नका. तिसऱ्या वेळेपासून हात लिहितो, डोके थांबते. त्याऐवजी शब्द बघायचा, झाकायचा, लिहायचा, उघडून ताडायचा, आणि तेच उद्या पुन्हा. या वयात चुका बहुतेक तीन जागी होतात : रफार (‘पर्वत’चा ‘पवर्त’), जोडाक्षरे, आणि मूळ शब्दातला दीर्घ उकार-ईकार विभक्ती लागल्यावर ऱ्हस्व होतो तिथे. फूल–फुलाला, मूल–मुलाला, खीर–खिरीत. अशा जोड्या रोज दोन घ्या.

गणित संध्याकाळी तुम्ही घ्या. पाठकोऱ्या कागदाचे पाच ताव चार-चार वेळा दुमडून फाडले की ऐंशी तुकडे होतात. वीसवर १, वीसवर १०, वीसवर १०० आणि उरलेल्यांवर १००० लिहा. या नोटा झाल्या, महिनाभर पुरतील. चौथीत सगळ्यात जास्त घोटाळा शून्याच्या वजाबाकीत होतो. ३००४ − १७६८ दिले की बरीच मुले २७६४ लिहितात. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करून मोकळी होतात. पाठांतराने हे सुटत नाही. हजाराच्या तीन आणि एकाच्या चार नोटा मांडा आणि १७६८ मागा. सुटे नाहीत. मग एक हजार मोडून दहा शंभर घ्या. त्यातला एक मोडून दहा दहा घ्या, त्यातला एक मोडून दहा एक घ्या. समोर २ हजार, ९ शंभर, ९ दहा आणि १४ एक उरतात. आता द्या : १२३६ शिल्लक. हाताने असे चार-पाच वेळा केल्यावरच वहीत मांडू द्या.

दुसरा अडथळा आपल्या भाषेतलाच आहे. ‘एकोणसाठ’ ऐकले की मूल ६९ लिहिते, कारण कानावर ‘साठ’ पडतो. दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये एकवीसला ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले तेव्हा वाद बराच झाला, पण अडचण खरी आहे. ‘एकोण म्हणजे एक उणा’ हे एकदा फोडून सांगा आणि एकोणवीस ते एकोणनव्वद एवढ्यांचेच आठवडाभर लेखन घ्या. पाढे २, ५, १० पासून सुरू करा, मग ४, ३, ६, ९, ८ आणि शेवटी ७. ओळीने म्हणता येणे पुरत नाही, ‘सात आठे किती?’ मध्येच विचारा.

झोपून लिहायला बॉलपेन देऊ नका. टोक वर झाले की शाई उतरत नाही आणि पोराला वाटते आपलेच चुकते. पेन्सिल द्या, परीक्षेचे पॅड उशीवर तिरके टेकवा. पाटीची भुकटी प्लास्टरच्या कडेने आत जाते, म्हणून पाटी सध्या बाजूला. अभ्यास झाला की पेन्सिल आणि पट्टी त्याच्या हाताशी ठेवू नका. खाज सुटली की मुले ती प्लास्टरमध्ये घालतात आणि आत जखम होते.

खर्च म्हणाल तर एक चौकटीची वही, एक दुरेघी वही, पेन्सिली, खोडरबर. अनुदानित शाळेत आठवीपर्यंत पुस्तके मोफत मिळतात, ती आली नसतील तर शाळेतून मागून घ्या. पुस्तकाची पीडीएफ छापून घेऊ नका, पानाला दोन रुपये धरले तरी छापील पुस्तकापेक्षा महाग पडते. परिसर अभ्यासाला वेगळा वेळ नको, धडा आजीने वाचून दाखवावा आणि त्यावर बोलावे. शनिवारी एखाद्या वर्गमित्राला वह्या घेऊन बोलवा. काय शिकवून झाले ते कळते, आणि मित्र येतो, तेही त्या पोराला हवेच असते.

प्रश्न : वडिलांच्या कॅन्सरच्या उपचारासाठी आम्ही चार महिने मुंबईत धर्मशाळेत आहोत. मुलगी सहावीत. सोबत एकच फोन, तोही रिपोर्ट आणि फोनाफोनीत अडकलेला. बाई व्हॉट्सअपवर रोज अभ्यास टाकतात, ढीग साचला आहे.
— एक पालक, यवतमाळ

उत्तर : साचलेला ढीग सोडून द्या. बाईंना एक निरोप पाठवा : ‘रोजचा अभ्यास जमणार नाही. दर रविवारी पुढच्या आठवड्याचे धडे आणि स्वाध्यायाची पाने तेवढी कळवा.’ आठवड्यातून एकदा फोन मिळाला तरी मग काम चालते.

छापील पुस्तके दोनच जवळ ठेवा, गणित आणि मराठी. बाकीची बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ म्हणून फुकट उतरवता येतात. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड ‘दीक्षा’ ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ मिळतात. ते रात्री एकदाच उतरवून ठेवा, दिवसा पुन्हा डेटा लागत नाही. मात्र व्हिडिओ बघणे म्हणजे अभ्यास झाला असे धरू नका. पाच मिनिटे बघून झाल्यावर फोन बाजूला ठेवून तिने तेच वहीत तीन ओळींत लिहायचे. लिहिता आले नाही तर परत बघायचे.

सहावीत अपूर्णांक मागे पडला की पुढचे शेकडेवारी, गुणोत्तर, बीजगणित सगळेच लंगडते. म्हणून वेळ थोडा असेल तर तो इथे घाला. १/२ + १/३ = २/५ ही नेहमीची चूक : वरचे वर, खालचे खाली मिळवले. कागदाच्या पट्टीवर बारा सारखे चौकोन आखा. अर्धी पट्टी म्हणजे ६, तिसरा हिस्सा म्हणजे ४, मिळून १०, म्हणजे १०/१२, म्हणजे ५/६. २/५ तर अर्ध्याहूनही कमी आहे, मग अर्ध्यात भर घालून ते येईलच कसे, हे तिलाच विचारा. छेद सारखा का करायचा ते इथे डोळ्यांना दिसते.

रुग्णालयात ताटकळावे लागते त्या वेळात वाचन होते, गणित होत नाही. गणितासाठी सकाळची पाऊण तास शांत जागा शोधा, जिन्याची पायरी चालेल. उपचाराच्या मोठ्या दिवशी अभ्यासाला सुट्टी द्या आणि तसे तिला आदल्या रात्रीच सांगा. त्या लेकरालाही काळजी असतेच.

प्रश्न : मुलगी इंग्रजी माध्यमात तिसरीत. दोन-अडीच महिने घरी ठेवावे लागणार. आम्हा दोघांना इंग्रजी येत नाही. शिकवायचे कसे?
— एक पालक, नांदेड

उत्तर : शाळा राज्य अभ्यासक्रमाची असेल तर सोपे आहे. बालभारतीचे गणित आणि परिसर अभ्यास मराठी माध्यमातही असतात. मराठी पीडीएफ तुम्ही वाचा, मुलगी तिचे इंग्रजी पुस्तक समोर ठेवेल. उदाहरण मराठीत समजावा, उत्तर तिला इंग्रजीत लिहू द्या. सीबीएसईची शाळा असून पुस्तके एनसीईआरटीची असतील तर ती हिंदीतही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. इंग्रजी विषयाचे एक पान तिने रोज मोठ्याने वाचावे. अर्थ तुम्हाला कळला नाही तरी ती अडखळते कुठे ते ऐकू येते. तिथे पेन्सिलीने खूण करा आणि आठवड्याच्या खुणा शनिवारी फोनवर वर्गशिक्षिकेला विचारा.

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही ऊसतोडीला जातो, मार्च-एप्रिलला परततो. मुलगा दुसरीत. तिथे कोपीवरच (राहायच्या झोपडीत) शिकवले तर चालेल का? पुस्तके बरोबर नेऊ.
— एक ऊसतोड कामगार, बीड जिल्हा

उत्तर : दादा, हे करू नका. पहाटे फडावर जाणाऱ्या आईबापांकडून कोपीवर शिकवणे होत नाही, आणि दुसरीत सुटलेले वाचन पुढे भरून काढणे फार जड जाते. निघण्याआधी मुख्याध्यापकांना भेटा. घरी सांभाळणारे आजी-आजोबा असतील तर मुलाला गावीच ठेवा. शाळेमार्फत हंगामी वसतिगृह चालते का ते विचारा, ते नेमके याच महिन्यांसाठी असते. मुलाला न्यायचेच असेल तर शाळेकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. ते दाखवून कारखान्याच्या परिसरातल्या जिल्हा परिषद शाळेत तो बसू शकतो. दाखला नाही म्हणून तिथे प्रवेश नाकारला तर शांतपणे सांगा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखल्याला उशीर हे प्रवेश नाकारण्याचे कारण होत नाही. तरीही अडले तर त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी द्या. पुस्तके जरूर न्या, पण संध्याकाळी त्याला वाचून दाखवायला लावण्यासाठी.

प्रश्न : पाच महिने घरी राहून मुलगा आता परत शाळेत जाणार आहे. पाचवी आहे. कुठून सुरुवात करू? तो जायलाच तयार नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तीन आठवडे हातात ठेवा. पहिल्या आठवड्यात फक्त तपासा : मागच्या इयत्तेच्या गणिताच्या पुस्तकातले प्रत्येक प्रकरणातून एक उदाहरण, एक न वाचलेला उतारा, दहा ओळींचे लेखन. जिथे अडेल तिथेच दुसरा आठवडा घाला. वर्गात सध्या चालू असलेला धडा तिसऱ्या आठवड्यात घ्या, म्हणजे पहिल्या दिवशी फळ्यावर दिसेल ते त्याला अनोळखी वाटणार नाही. राज्यात २०२३–२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा असते. चुकलेल्या सत्राचे मूल्यमापन कसे धरणार हे वर्गशिक्षकांकडून आधीच लेखी घ्या.

जायला तयार नाही याचे कारण बहुधा ‘मला काही येणार नाही आणि सगळे हसतील’ हे असते. आधी एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याला वर्गात नेऊन आणा. बाक दाखवा, बाईंशी दोन शब्द बोलू द्या. झोपेची आणि जेवणाची वेळ पंधरा दिवस आधी शाळेच्या वेळेवर आणा. दुपारी झोपायची सवय लागली असेल तर पहिला आठवडा त्यातच वाया जातो. शक्य असल्यास पहिले चार दिवस मधल्या सुट्टीपर्यंतच बसू द्या, आणि ही सवलत मुख्याध्यापकांकडून आधी मागून घ्या. जवळचा मित्र एकच असला तरी पहिल्या सकाळी त्याला घरी बोलवा आणि दोघांना मिळून पाठवा.