सुट्टीचा दिवस सोबत जातो, तरी एकटं का वाटतं?

"मॅडम, अख्खा शनिवार आम्ही एकत्र असतो आणि रात्री झोपताना वाटतं, मी एकटीच फिरून आले. आमच्यातलं काही संपलंय का?"

लग्नाला आठ वर्षं झालेली. दोघंही नोकरी करणारे, दोघांना मिळून आठवड्यात एकच सुट्टी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, लिहायला दोघांनीही होकार दिला आहे.) हा प्रश्न माझ्याकडे फार वेळा येतो. मोठं भांडण नसतं, तिसरं माणूस नसतं. पण सुट्टी संपते तेव्हा दोघंही दमलेले असतात आणि थोडे दुखावलेलेही.

मी विचारलं, "गेल्या शनिवारी काय केलंत?" तिने फोन काढून यादीच वाचली. साडेसातला बागेत फेरी, दहाला ग्रंथालय, बाराला चित्रप्रदर्शन, साडेचारला तळं, सहाला मैत्रिणीकडे. मग मी त्याच्याकडे वळले. "यातलं तुम्हाला काय आठवतं?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "तळ्यापाशी एक आजोबा नातीला सायकल शिकवत होते. मागून सीट धरून पळायचे, दम लागला की थांबायचे. हिला दाखवायला वळलो, तर ही घड्याळ बघत होती. मग राहू दिलं."

"मला बोलला नाहीस कधी," ती म्हणाली.

"तू म्हणालीस ना, साडेपाच वाजले, निघूया."

खोलीत शांतता पसरली. मला त्या क्षणी दोघांबद्दलही फार वाईट वाटलं, कारण चूक कोणाचीच नव्हती. 'अगं, ते बघ' इतकीच त्याची हाक होती, आणि ती तोंडातून बाहेरही पडली नव्हती. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अशा छोट्या हाकांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. नवविवाहित जोडप्यांचं निरीक्षण करून 6 वर्षांनी त्यांनी पुन्हा चौकशी केली. ज्यांचा संसार टिकला होता त्यांनी जोडीदाराच्या अशा हाकांना सुमारे 86 टक्के वेळा प्रतिसाद दिला होता. जे वेगळे झाले त्यांच्यात हेच प्रमाण 33 टक्के होतं. या आकड्यांवरून कोणी आपल्या संसाराचं भविष्य काढू नये. पण हाक देण्याआधीच माणूस ती गिळू लागला की मी सावध होते.

यादीमागे तिचंही कारण होतं. "मी ठरवलं नाही तर हा दिवसभर फोन घेऊन लोळणार. मग रविवारी कामावर जाताना मलाच रडू येतं." आणि तो? "मी काही सुचवलं की त्यात खोट निघते. गर्दी असेल, ऊन असेल, लांब पडेल. म्हणून सुचवणंच सोडलं." ती यादी आणखी लांबवत गेली, तो आणखी मागे सरत गेला. सगळा दिवस तिने ओढायचा आणि त्याने सामानासारखं मागून यायचं, असं झालं होतं.

मी यादी फाडायला सांगितली नाही. यादीतल्या वेळा तेवढ्या काढायला सांगितल्या. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन माल्कोच यांचं 2016 मधलं संशोधन मला इथे उपयोगी पडतं. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना फुकट कॉफी आणि बिस्किटं द्यायची होती. काहींनी येण्याची नेमकी वेळ ठरवली, काहींना सांगितलं, या दोन तासांत कधीही या. नेमकी वेळ ठरवलेल्यांना त्या विश्रांतीची मजा कमी वाटली. मौजेला घड्याळ लावलं की ती मौज न राहता काम वाटू लागते. बेत मात्र ढोबळ असला, तर त्याने फारसं बिघडत नाही.

म्हणून चार शनिवारांचा बेत केला: दिवसात दोनच गोष्टी, एक सकाळी आणि एक उन्हं उतरल्यावर. एका शनिवारी तिने निवडायचं, दुसऱ्या शनिवारी त्याने. ज्याची पाळी नाही त्याने घरी परतेपर्यंत खोट काढायची नाही. आळीपाळीने निवडायची अट मी मुद्दाम घातली होती. नेहमी एकाच्याच आवडीचं होत राहिलं, तर दुसरा माणूस नुसता सोबतीला उरतो.

पहिला शनिवार फसला. त्याने नदीकाठ निवडला, तिला अर्ध्या तासात अस्वस्थ वाटू लागलं, "आता पुढे काय?" असं तीनदा विचारून झालं आणि दोघं तणतणत परतले. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. कित्येक वर्षं जिने एकटीने दिवस सांभाळला, तिला रिकामा वेळ भीतीदायकच वाटणार. पुढच्या भेटीत आम्ही बहुतेक वेळ या भीतीवरच बोललो. रिकामं बसलं की हा फोनमध्ये जाईल आणि आपण त्याला नकोशा आहोत हे उघड होईल, अशी ती भीती होती. तो हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्या दिवसापासून फिरायला निघताना तो फोन घरी ठेवू लागला. तसं मी सांगितलं नव्हतं.

ज्या घरात धाक, मारहाण किंवा सततचा पाणउतारा आहे, तिथे हा उपाय लागू नाही. तिथे आधी सुरक्षिततेचं बघायचं आणि प्रत्यक्ष मदत घ्यायची. ज्यांना मुलांमुळे किंवा आजारी आईवडिलांमुळे पूर्ण दिवस मिळत नाही, त्यांनी दीड-दोन तासांतही हे करून बघावं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जोडप्यांकडे तेवढाच वेळ असतो.

शेवटच्या भेटीला दोघं आले तेव्हा वाद घालतच खोलीत शिरले. तळ्यावर पुन्हा गेले होते, सलग तीन शनिवार.

"तिला आता सायकल येते, आजोबा सीट सोडतात," तो म्हणाला.

"सोडतात, पण वळताना ती अजून घाबरते," ती म्हणाली. "तू नीट बघितलं नाहीस."