प्रौढांच्या अर्थसाक्षरता वर्गाची सुरुवात कोठून करावी?

सातपूर परिसरातील महिलांसाठी संध्याकाळचा वर्ग सुरू करताना पहिल्या दिवशी बचतीचे महत्त्व सांगावे की बँक खात्यांचे प्रकार, असे आपण विचारले आहे. माझ्या मते दोन्ही नकोत. पंचवटीत मी असा वर्ग काही वर्षे घेतला. पहिल्या तुकडीला आरंभीच म्युच्युअल फंडांचे आलेख दाखवले आणि तिसऱ्या आठवड्यात निम्म्या सतरंज्या रिकाम्या राहिल्या. द्राक्षहंगामाच्या मजुरीवर जिने पुढचा पावसाळा निभावून नेला आहे, तिला बचत म्हणजे काय हे आपण काय सांगणार?

घोडे अडते ते व्याजाच्या बोलीपाशी. सावकाराचे ‘शेकडा दोन’ महिन्याचे असतात आणि बँकेचे १२ टक्के वर्षाचे, त्यामुळे वर्षाला २४ टक्क्यांचे कर्ज स्वस्त वाटते. हा उलगडा झाला की फ्लॅट रेट, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी मूळ पूर्ण रकमेवरच लावलेला व्याजदर, शिकवायला घ्यावा. ५०,००० रुपयांच्या एका वर्षाच्या कर्जावर १२ टक्के फ्लॅटने ६,००० रुपये व्याज होते. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे दरमहा हप्ता भरून उरलेल्या मुद्दलावर, लावले तर सुमारे ३,३०० रुपये. मुद्दल दरमहा फिटत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर का द्यायचे, हा प्रश्न त्यांच्याकडूनच येऊ द्यावा. हे गणित फळ्यावर नव्हे, प्रत्येकीच्या वहीत व्हावे. त्यात दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील.

भिशीला नावे ठेवू नयेत. लिलावाच्या भिशीत, म्हणजे जमलेल्या रकमेतील सर्वांत जास्त वाटा सोडणाऱ्याला त्या वेळची उचल मिळते त्या भिशीत, पहिला उचल घेणारा किती रक्कम सोडतो आणि शेवटच्याला किती मिळते, हे मांडले की कर्जदार आणि ठेवीदार एकाच वर्तुळात बसलेले दिसतात. मात्र कोणाच्या घरी किती देणे आहे, हे चारचौघींत कधीही विचारू नये. हिशेब आकड्यांचा, पण काल्पनिक घराचा घ्यावा.

ठेवींचा विषय निघेल तेव्हा एक फरक आवर्जून सांगावा. बँकेतील ठेवींना प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे, व्याज धरून, ५ लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण आहे (२०२० पूर्वी ते १ लाख होते), आणि पात्र सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. आपल्याकडे बोलण्यात दोन्हींना सर्रास ‘बँक’च म्हणतात, म्हणून पासबुके आणायला सांगून त्यांवरील संस्थेचे पूर्ण नाव प्रत्येकीला स्वतः वाचायला लावावे.