ग्रहविज्ञानासाठी बीएस्सीला काय घ्यावं?

अनेक आशीर्वाद.

‘ग्रहविज्ञानात बीएस्सी कुठे करता येते’ हा शोध थांबव. आपल्याकडे या क्षेत्रात बहुतेक जण भूशास्त्र, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रातून येतात. मग एमएस्सी, नेट किंवा गेट परीक्षा, आणि अहमदाबादच्या पीआरएल (भौतिक संशोधन प्रयोगशाळा) सारख्या ठिकाणी पीएचडी. तुला दगडांचं वेड आहे, तेव्हा मेजर भूशास्त्र, मायनर भौतिकशास्त्र घे. मायनरला गुण सहज पडणारा विषय घ्यायचा मोह होईल. तो आवर.

भूशास्त्रात जीव ओतायचा तो खनिजशास्त्रात आणि अग्निजन्य खडकांत. मुलं जर्नलातल्या आकृत्या पाठ करतात, मायक्रोस्कोपचं स्टेज फिरवतच नाहीत. उदाहरणाला लोणार घे. बसाल्टमध्ये उल्काघातानं झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. साध्या दख्खनी बसाल्टचा 0.03 मिलिमीटर जाडीचा थिन सेक्शन (काचपट्टीवरचा पातळ काप) क्रॉस्ड निकॉल्सखाली, म्हणजे काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये, फिरवला की प्लॅजिओक्लेज या खनिजाचे करडे पट्टे उजळतात, विझतात. लोणारच्या जबर धक्का खाल्लेल्या तुकड्यात तसेच लांबट कण पूर्ण फेरीत काळेच राहतात. आकार स्फटिकाचा, आतून काच. धक्क्यानं काच झालेलं हे प्लॅजिओक्लेज म्हणजे मॅस्केलिनाइट. ते पहिल्यांदा ओळखलं गेलं बिहारमध्ये शेरघाटीला 1865 साली पडलेल्या अशनीत, आणि तो अशनी निघाला मंगळावरचा! स्टेज न फिरवणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

गणितात कॅल्क्युलसवर थांबू नकोस. रेषीय बीजगणित, सांख्यिकी आणि पायथन हवंच. रसायनशास्त्राचा एक पेपर पुरे, पण त्यात थर्मोडायनॅमिक्स असावं.

रिमोट सेन्सिंग आणि जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) ऐच्छिक असले तरी घेच, आणि नकाशाचं प्रक्षेपण, म्हणजे गोल पृष्ठभाग सपाट नकाशावर मांडणं, नीट शिक. चांद्रयान-3 उतरलं 69 अंश दक्षिणेला. साध्या दंडगोल प्रक्षेपणात तिथलं पूर्व-पश्चिम अंतर जवळजवळ तिप्पट ताणलं जातं. विवरं जितकी दाट, तितका पृष्ठभाग जुना, असा हिशेब असतो. म्हणून विवरं अचूक मोजूनही क्षेत्रफळ त्याच नकाशावरून काढलंस, तर घनता एक तृतीयांश येते आणि पृष्ठभाग आहे त्याहून तरुण ठरतो. सॉफ्टवेअर काही बोलत नाही, आकडा निमूट देतं.

तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टला पैसे लागत नाहीत. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांद्रयान-2चा डेटा इस्रोच्या ‘प्रदान’ पोर्टलवर नोंदणी केली की मिळतो. एकच विवर घे. अख्खा चंद्र घेणाऱ्यांचे प्रोजेक्ट डाउनलोडमध्येच संपतात.

कॉलेजची विषययादी हाती आली की ऐच्छिक पेपरांची पानं पाठव. नावांवर जाऊ नकोस, प्रॅक्टिकलचे तास किती ते आधी बघ.