वाचकांचे प्रश्न: रेडियल वाढवले आणि एसडब्ल्यूआर बिघडला!

प्रश्न: माझी हॅम रेडिओसाठी 18 मीटरची अॅल्युमिनियमची व्हर्टिकल (उभी अँटेना) आहे, बुडाशी कॉइल लावून 160 मीटर बँडवर चालवतो. चार रेडियल (बुडापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) होते तेव्हा एसडब्ल्यूआर (केबल आणि अँटेनाच्या जुळणीचं माप, 1 म्हणजे उत्तम) 1.2 यायचा, मग हौसेने अजून 20 अंथरले तर थेट 2.3 वर गेला. काढून टाकू का?

उत्तर: अजिबात नको! फसवा होता तो आधीचा 1.2. या बँडला पाव वेव्हलेंथ म्हणजे जवळपास 40 मीटर, तुमची उंची त्याच्या निम्मीही नाही, त्यामुळे रेडिएशन रेझिस्टन्स (रेझिस्टन्सचा पॉवर हवेत सोडणारा भाग) जेमतेम 6 ओहम धरा. मग मीटर एवढा खूश का होता, तर केबलच्या 50 ओहमजवळ जाणाऱ्या एकूण 42 मधले उरलेले 36 ओहम माती आणि कॉइल भरून काढत होते, म्हणजे 100 वॅट सोडले की 14 हवेत आणि बाकीची पॉवर जमीन तापवायला. आता फीडपॉइंटला (केबल अँटेनाला जोडतो तिथे) 22 ओहम असतील तर 27 वॅट हवेत जातायत, जवळजवळ दुप्पट. फक्त अॅनालायझरवर (अँटेना मोजायच्या यंत्रावर) एकदा आर म्हणजे रेझिस्टन्स बघून घ्या, कारण 2.3 हा 115 ओहमलाही येतो. बँडविड्थ (एसडब्ल्यूआर चांगला राहतो तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा) आधीपेक्षा अरुंद झाली असेल तर घाबरू नका, लॉस कमी झाल्याचीच ती खूण.

आता मॅचिंग. बुडाच्या कॉइलचे वेढे थोडे कमी करा म्हणजे एक्स (रिअॅक्टन्स) साधारण उणे 25 ओहम होईल, आणि फीडपॉइंटपासून रेडियलपर्यंत दुसरी छोटी कॉइल जोडा, 4 मायक्रोहेन्रीच्या आसपासची. 5 सेंटिमीटर व्यासाच्या पाइपवर 5 सेंटिमीटर लांबीत 11 वेढे घेतले की झालं, पण एक-दोन जास्तच गुंडाळा आणि क्रोकोडाइल क्लिप अर्धा-अर्धा वेढा सरकवत 50 ओहम गाठा, मग तिथेच सोल्डर करा. क्लिप सरकवताना ट्रान्समिट बंद हवं, बुडाशी व्होल्टेज जबरदस्त असतं. या कॉइलमुळे अँटेनावरचा स्टॅटिक चार्जही जमिनीत उतरत राहतो, हा वरचा फायदा.

आणि खरंच काही वाढवायचं असेल तर टोकाला आडव्या वायर जोडून टी करा ना! पूर्ण टॉप लोडिंग जमलं तर 6 ओहमचे 15 पर्यंत जातात आणि बुडाच्या कॉइलची गरजच उरत नाही. मला विचाराल तर आधी हेच करा, मग वरचं मॅचिंग परत बघावं लागेल.

प्रश्न: अॅनालायझरचा आकडा दर सेकंदाला नाचतो, रात्री तर जास्तच. बिघडलाय का?

उत्तर: बहुतेक नाही. उंच व्हर्टिकल मीडियम वेव्हचे स्टेशन जोरात उचलते आणि अॅनालायझरचा साधा डिटेक्टर त्यात गोंधळतो. हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) लावला तर तो स्वतःच रीडिंग थोडं बदलतो, त्यापेक्षा रिगवरून (तुमच्या रेडिओ सेटवरून) 5-10 वॅट सोडून साध्या एसडब्ल्यूआर मीटरवर मोजा.