आधी दिशा ठरव, मग सूत्र

अकरावीत भौतिकशास्त्रात सरळ रेषेतली गती आली की सगळे सूत्रांच्या मागे लागतात. तू आधी एक रेघ ओढ. डावीकडे सांगली, उजवीकडे मिरज. अंतर 10 किलोमीटर धर, रस्ताही सरळच धर (नाहीये, पण चालेल). मिरजेकडची दिशा धन, हे लिहूनच ठेव. बस 20 मिनिटांत गेली, 40 मिनिटांत परत आली, तर सरासरी चाल (एकूण अंतर भागिले वेळ) ताशी 20 किलोमीटर, पण सरासरी वेग (विस्थापन भागिले वेळ) शून्य, कारण विस्थापनच, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागेत झालेला दिशेसकट बदल, शून्य.

खरी गोची ऋण त्वरणाची (त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर). ऋण म्हणजे गाडी मंदावतेय, असं सर्रास सांगतात. तसं नाही. सांगलीकडे निघालेली बस जोर धरते तेव्हा वेग ऋण, त्वरणही ऋण, आणि स्पीडोमीटरचा काटा वरच चढतो. दोघांची चिन्हं विरुद्ध असली तरच गाडी मंदावते.

चेंडू सेकंदाला 19.6 मीटर वेगाने सरळ वर फेकलास, हवेचा विरोध सोडून दिलास, तर 2 सेकंदांनी वेग शून्य. त्वरण मात्र तेच, खालच्या दिशेने 9.8 मीटर प्रति सेकंद वर्ग. तिथं शून्य लिहिलं की मार्क गेलेच.

गतीची समीकरणं पाठ कर, हरकत नाही. फक्त त्वरण स्थिर आहे ना, तेवढं आधी बघ. नसेल तर वेग-काल आलेख काढ आणि त्याखालचं क्षेत्रफळ मोज, विस्थापन मिळतं.