घटस्फोट, कोथरूडचा फ्लॅट आणि रेडी रेकनरचा भाव

प्रश्न : मी शिक्षिका आहे. आम्ही संमतीने घटस्फोट घेतोय. २०१२ मध्ये दोघांच्या नावावर कोथरूडला जुना टू बीएचके घेतला, १४ लाखांचं कर्ज बाकी आहे. फ्लॅट मिस्टर ठेवणार. रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दराने, ७२ लाख धरून, कर्ज वजा करून, निम्म्या हिश्शाचे २९ लाख देतो म्हणतात. एजंट १ कोटी ५ लाख सांगतो. व्हॅल्युअरचा खर्च करू का, की उगाच वाद वाढेल? सोसायटीत बिल्डरांची ये-जा चालू असल्याने घरातही तोच विषय असतो.

उत्तर : खर्च कराच. रेडी रेकनर मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो, नवरा-बायकोचा हिशेब मिटवण्यासाठी नाही. एजंटच्या तोंडी भावावर मीही फार विसंबत नाही, पण तो खरा निघाला तर तुमचा वाटा साडेपंचेचाळीस लाख होतो. साडेसोळा लाखांचा प्रश्न असताना काही हजारांची फी कसली वाचवायची!

मात्र सरकारमान्य व्हॅल्युअर दोघांनी मिळून ठरवा, फी निम्मी-निम्मी. एकट्याने आणलेला अहवाल समोरचे वकील ‘तुमचा माणूस’ म्हणून उडवून लावतात. तो मोजमाप घेईल तेव्हा घरी थांबा. जुन्या करारनाम्यात अनेकदा बिल्टअप (भिंती धरून) क्षेत्रफळ लिहिलेलं असतं, कार्पेट (भिंतींच्या आतलं, वापरायचं) प्रत्यक्ष मोजल्यावरच कळतं. पडताळ्यासाठी नोंदणी विभागाच्या साइटवरून तुमच्याच इमारतीतल्या अलीकडच्या विक्रीचे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सारांश) काढा. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे असतात. गंमत म्हणजे ‘बाजारभाव’ हा रेडी रेकनरचाच आकडा. तुम्ही मोबदला बघा.

मला खरं खटकलं ते तुमचं शेवटचं वाक्य. व्हॅल्युअर आज उभी आहे त्या इमारतीची किंमत लावतो. उद्या रीडेव्हलपमेंट झालं तर वाढीव कार्पेट, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम), बांधकामाच्या काळातलं भाडं हे सगळं फ्लॅट ज्याच्याकडे राहील त्याला मिळणार. मिस्टरांना घाई आहे ती यामुळेच, असं मी म्हणत नाही. पण कागद बघितल्याशिवाय सही करू नका. तुम्हीही सहसभासद असाल, तर गेल्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं आणि रीडेव्हलपमेंट परवडेल का हे तपासणारा व्यवहार्यता अहवाल झाला असेल तर त्याची प्रत लेखी अर्ज करून मागा. ठराव झालेला असेल, तर व्हॅल्युअरला तो लक्षात घ्यायला सांगा. नुसतीच चर्चा असेल, तर अमुक वर्षांत सोसायटीचा बिल्डरशी विकसन करारनामा झाल्यास वाढीव लाभात तुमचा वाटा राहील, असं कलम संमतीच्या अटींत वकिलांकडून घालून घ्या. निम्मा वाटा मिस्टरांना मान्य आहे, हेही तिथेच लिहून घ्या. आपल्याकडे घटस्फोटात घर आपोआप अर्धं-अर्धं होत नाही, म्हणून तुमच्या खात्यातून गेलेल्या हप्त्यांची स्टेटमेंटं जपून ठेवा.

कर्जाचं म्हणाल तर घटस्फोटाचा हुकूम बँकेवर बंधनकारक नसतो. हप्ता थकला की तुमचाही सिबिल बिघडणार. तेव्हा कर्जातून नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र, पैसे आणि हक्कसोडपत्राची नोंदणी हे सगळं एकाच टप्प्यात उरका. हिश्शाच्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर किती बसेल, ते सीएंना आधीच विचारा. हातात पडणारा आकडा त्यावर ठरेल.

सोसायटीच्या सेक्रेटरींना अर्ज आधी द्या. व्हॅल्युअरला फोन त्यानंतर.