यंत्र म्हणून श्रेष्ठ कोण : पोर्शे ९११ की इनोव्हा?

प्रश्न : आमच्याकडे इनोव्हा क्रिस्टा आहे आणि गणपतीला आम्ही घरचे सातही जण तिच्यातूनच चिपळूणला जातो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आमच्या चिरंजिवांचे म्हणणे असे की, पोर्शे ९११ हे खरे यंत्र असून इनोव्हा म्हणजे निव्वळ चाकांवरची खोली आहे. हे कितपत खरे मानावे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : चिरंजिवांचे अर्धे म्हणणे मान्य करावे लागेल. ९११ कॅरेरामध्ये सहा सिलिंडरांचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले असते. त्याचे वजन ज्या चाकांना ताकद मिळते त्यांच्यावरच पडत असल्याने वेग घेताना टायर सहसा घसरत नाहीत आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग साधारण ४ सेकंदांत गाठला जातो. जमिनीलगतचा गुरुत्वमध्य, रुंद टायर आणि दणकट ब्रेक यांमुळे वळणावर आणि थांबताना इनोव्हाला तिची सर येणार नाही. अर्थात अटल सेतूवरही वेगमर्यादा १००चीच आहे, त्यामुळे त्या ४ सेकंदांनंतर मुंबईकराने करायचे काय, हा प्रश्न उरतोच. पावसाळ्यात हिंदमात्याला पाणी भरल्यावर तर बोलायलाच नको.

चिरंजिवांच्या नजरेतून जे सुटले आहे, ते म्हणजे भार. दीड टनाच्या ९११मध्ये चालक आणि एक सोबती बसला, तरी तिचे वजन दहा टक्क्यांनीही वाढत नाही, त्यामुळे तिच्या स्प्रिंगा जवळजवळ एकाच वजनासाठी बेतता येतात. आपल्या इनोव्हात एरवी एकटा चालक असतो आणि गणपतीला सात माणसे व सामान मिळून सुमारे पाचशे किलोची भर पडते, म्हणजे गाडी रिकामी असतानाच्या सव्वापटीहून जड होते. शिवाय यातला बराचसा भार मागच्या चाकांवर येतो. स्प्रिंगा कडक ठेवाव्यात तर रिकामी गाडी खड्ड्यांत आदळते, मऊ ठेवाव्यात तर भरलेली गाडी मागून बसते. या दोन्ही टोकांना गाडी सरळ चालवून दाखवणे मला अधिक अवघड वाटते. रेनो कंपनीने एस्पास या आपल्या कौटुंबिक गाडीच्या दशकपूर्तीला तिच्यात फॉर्म्युला वनचे व्ही-१० इंजिन बसवून दाखवले होते. ताकद सुमारे ८०० अश्वशक्ती झाली, पण आसने चारच उरली.

तेव्हा कोकणात निघण्यापूर्वी टायर थंड असतानाच, पूर्ण भारासाठी कंपनीने सांगितलेल्या मापाने हवा भरून घ्यावी, जड बॅगा टपावरच्या कॅरियरवर चढवू नयेत आणि घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहून ब्रेक तापू देऊ नयेत. हवा मोजण्याचे काम चिरंजिवांकडेच सोपवावे.